दर्या सगळं पोटात घेतो?

कोकणच्या किनाऱ्यावर पुळणीवर बसण्यामागे एक विचार असतो, आणि तो आळसाचा नसतो. रानातल्या गावात बाहेर बसलेल्याचा मैला तिथेच पडून राहतो. वास येतो, माश्या घोंगावतात. किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि वाळू पाटीसारखी कोरी होते. धुवायला पाणी समोर आहे, त्यासाठी विहिरीवरून हंडा वाहायला नको. अंधाऱ्या, कोंदट खोलीपेक्षा मोकळा वारा बरा वाटतो. शिवाय पहाटे बोटी लागायच्या आधी पुरुषांच्या दोन गप्पा तिथेच होतात. दर्या सगळं पोटात घेतो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या या किनाऱ्याची लांबी आपण शाळेत 720 किलोमीटर अशी पाठ केली. त्याच्या काठाने कोळी, गाबीत, भंडारी, दालदी अशा अनेक समाजांच्या वाड्या आहेत. घराला घर चिकटलेलं, मधून पाखाडी, समोर होड्या, मागे खाडी किंवा माड. या वाड्यांना स्वच्छता शिकवायला सरकारं आली, संस्था आल्या, भिंतींवर घोषणा रंगल्या. पण दर्याबद्दलच्या त्या समजुतीशी फारच थोडे जण बोलले. बहुतेकांनी गृहीत धरलं की लोकांना कळत नाही म्हणून ते बाहेर बसतात. माझं म्हणणं असं की लोक हिशेब करूनच वागतात. तो हिशेब कुठे चुकतो हे त्यांच्याच धंद्याच्या भाषेत दाखवलं, आणि त्यातल्या अडचणी खरोखर दूर केल्या, तरच सवय बदलते.

भरती नेते, तीच आणते

हिशेब पहिल्यांदा चुकतो तो पाण्याच्या वाटेत. उघड्या समुद्रावर ओहोटी मैला थोडा दूर नेते, पण पुढची भरती तेच पाणी खाडीत घुसवते. कोकणातल्या बऱ्याच वाड्या खाडीच्या मुखाशीच आहेत. तिथलं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होतं, ते पूर्ण बदलत नाही. आणि त्याच खाडीच्या चिखलात ओहोटीला बायका वाकून तिसऱ्या, खुबे, मुळे गोळा करतात, खडकावरची कालवं फोडतात. हे शिंपले पाणी आत ओढतात, गाळतात आणि त्यातले बारीक कण खाऊन जगतात. पाण्यात मैला असेल तर त्यातले जंतूही शिंपल्यात साठतात. पाण्यात ते विरळ असतात, मांसात दाट होतात.

याची किंमत किती मोठी असू शकते ते 1988 साली चीनमधल्या शांघायने पाहिलं. मैलापाण्याने दूषित झालेल्या शिंपल्या नीट न शिजवता खाल्ल्यामुळे तिथे सुमारे तीन लाख लोकांना ‘अ’ प्रकारची कावीळ झाली. आपल्याकडे तिसऱ्या कच्च्या खात नाहीत, हे खरं. पण तोंड उघडेपर्यंत वाफ दिली की झालं, असं अनेक घरांत चालतं आणि काविळीच्या विषाणूसाठी तेवढी वाफ नेहमी पुरत नाही. तिसऱ्या पूर्ण शिजवायला सांगणं हासुद्धा स्वच्छतेचाच धडा आहे, पण शौचालयाच्या फलकावर तो कधी दिसत नाही.

दुसरी वाट वाळूची. जवळा, धोमा, बांगडा कितीतरी ठिकाणी अजून वाळूवरच सुकत घालतात. बोंबलासाठी वलांडी असतात, पण बारीक मासळीला वाळू किंवा वाळूवर अंथरलेलं जाळं. ज्या पुळणीच्या एका टोकाला पहाटे माणसं बसतात तिच्याच दुसऱ्या टोकाला दुपारी जवळा पसरलेला असतो. मधलं अंतर माशी काही क्षणांत पार करते, आणि अनवाणी पाय, कुत्री, कोंबड्याही करतात. ही गोष्ट आरोग्याची म्हणून सांगितली तर बाई मान हलवते. भावाची म्हणून सांगितली तर थांबते. वाळू लागलेला जवळा व्यापारी पाडून मागतो. बांबूच्या मांडणीवर जमिनीपासून वर सुकवलेला स्वच्छ जवळा तिला जास्त पैसे देऊ शकतो. स्वच्छ किनारा ही मच्छीमाराच्या मालाची प्रत आहे, ही गोष्ट वाडीला समजावून सांगावी लागत नाही. ती तिच्या तराजूवर दिसते.

तिसरी वाट विहिरीची, आणि ती शौचालय बांधल्यानंतर सुरू होते. तिच्याकडे पुढे येऊ.

भिंती उभ्या राहिल्या

महाराष्ट्राने या कामात देशाला बरंच दिलं आहे. गाडगेबाबांचा खराटा आपल्या स्मृतीत होताच. 2000 साली ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आधीची योजना घराघराला अनुदान देऊन संडास बांधायची होती आणि त्यातल्या अनेक खोल्यांत लाकडं, शेण्या, जुनी जाळी भरली गेली. अभियानाने गावांत स्पर्धा लावली, बक्षीस ठेवलं, आणि गाव आपणहून कामाला लागलं. पुढे केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला. 2 ऑक्टोबर 2014 रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, आणि पात्र ग्रामीण कुटुंबाला 12 हजार रुपयांचं प्रोत्साहन अनुदान मिळू लागलं. सप्टेंबर 2016 मध्ये सिंधुदुर्ग हा सपाट प्रदेशातला देशातला सर्वांत स्वच्छ ग्रामीण जिल्हा ठरला. किनाऱ्यावरच्या जिल्ह्याने हा मान मिळवला याचा अभिमान वाटलाच पाहिजे. एप्रिल 2018 मध्ये सगळा ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, तर 2 ऑक्टोबर 2019 रोजी सगळा ग्रामीण भारत.

त्याच सुमारास, 2019 ते 2021 मध्ये, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. देशातली 19 टक्के कुटुंबं तेव्हाही कोणतंच शौचालय वापरत नव्हती. आधीच्या फेरीत हा आकडा 39 टक्के होता. काही वर्षांत तो निम्म्यावर यावा, हे फार मोठं काम आहे. पण हागणदारीमुक्तीची घोषणा आणि हा आकडा यांच्यामध्ये जी माणसं आहेत, त्यांच्यापर्यंत घोषणा पोचलेली नाही. ज्यांच्या घरी शौचालय आहे त्यांच्यातही सगळे ते वापरतात असं नाही. 2014 साली उत्तर भारतातल्या पाच राज्यांत झालेल्या एका पाहणीत, चालू शौचालय असलेल्या 40 टक्क्यांहून अधिक घरांत किमान एक माणूस बाहेर जात असल्याचं दिसलं. महाराष्ट्र वेगळा आहे, तरी प्रश्न तोच: खोली असूनही माणूस बाहेर का जातो?

लाज किती टिकते

या प्रश्नाचं एक उत्तर बांगलादेशातून आलं. 2000 साली राजशाही जिल्ह्यातल्या मोसमैल गावात विकास सल्लागार कमल कार यांनी अनुदान नाकारून नवी पद्धत वापरली. गावकऱ्यांनाच गावाभोवती फिरवायचं, कोण कुठे बसतं याचा नकाशा जमिनीवर काढायला लावायचा, गावात दिवसाला किती मैला पडतो याची बेरीज त्यांच्याकडूनच करून घ्यायची. आपण एकमेकांचा मैला खातो आहोत हे गावाला स्वतःहून उमगलं की गाव पेटून उठतं. ही पद्धत जगभर गेली आणि लवकरच महाराष्ट्रातही आली.

तिचा गाभा खरा होता: गावाने स्वतः पाहावं, स्वतः ठरवावं. पण आपल्या यंत्रणेने त्यातून उचलली ती मुख्यतः लाज. गुड मॉर्निंग पथकं आली. पहाटे शिट्ट्या, टॉर्च, आधी गुलाबाचं फूल, मग पोलीस कायद्याखाली दंड. कुणाचं टमरेल हिसकावलं गेलं, कुणाचा फोटो काढला गेला. ज्याच्या घरी शौचालय आहे आणि तरी जो बाहेर जातो त्याला टोकणं समजू शकतं. पण ज्याच्या घराखालची जमीन सातबाऱ्यावर त्याच्या नावाची नाही, ज्याला बांधकामाचे पैसे आधी खिशातून घालणं शक्य नाही, त्याला शिट्टी वाजवून काय मिळालं? तो अर्धा तास आधी उठू लागला, एवढंच. कोळीवाड्यांच्या आणि मच्छीमार वाड्यांच्या किती जागा अजून अशा नाव नसलेल्या आहेत, हे किनाऱ्यावरचा प्रत्येक तलाठी जाणतो.

आणि ही लाज सर्वांत जास्त बाईनेच सोसली. बाहेर जायचं तर उजेडाच्या आधी किंवा अंधारानंतर. मधल्या वेळात कळ आली तर दाबून ठेवायची, म्हणून पाणी कमी प्यायचं. त्यातून लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ. मासेविक्रेतीचे हाल याहून वेगळे. ती पहाटे बंदरावर लिलावाला हजर असते, मग टोपली घेऊन बाजारात, दुपार उलटेपर्यंत बसून. तिच्या घरी शौचालय असलं तरी दिवसातले कामाचे सगळे तास ती बंदरावर आणि बाजारातच असते. लिलावाच्या धक्क्यावर बायकांसाठी पाणी, कडी आणि दिवा असलेलं शौचालय नसेल, तर तिच्या घरच्या शौचालयाने तिचा अर्धाच प्रश्न सुटतो. पुरुषांच्या बाजूने पाहिलं तर खलाशांचंही तसंच. रत्नागिरीपासून देवगडपर्यंत बोटींवर नेपाळ, उत्तर प्रदेश, कर्नाटकातून आलेली मुलं महिनोन्‌महिने राहतात. बहुतेक मासेमारी बोटींना शौचालय नसतं. बोट बंदरात असतानाही ती बोटीवरच झोपतात. त्यांच्या नावाचं घर त्या गावात नाही, म्हणून गावाच्या यादीत ती येतच नाहीत.

‘खड्डो भरलो तर उपसतलो कोण?’

वाड्यांवर शौचालयाचा विषय काढला की दोन प्रश्न हमखास येतात. ‘पाणी खयसून आणूचा?’ आणि ‘खड्डो भरलो तर उपसतलो कोण?’ पहिल्याचं उत्तर बरंचसं सोपं आहे. ग्रामीण शौचालयाचं भांडं जास्त उताराचं आणि पाण्याची सांध उथळ असलेलं घेतलं तर एक-दीड लिटर पाण्यात ते साफ होतं. शहरी पद्धतीचं सपाट भांडं बसवलं की बादली लागते, आणि उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की ती बादली बाईच्या डोक्यावर येते. दुकानात भांडं निवडणारा बहुतेकदा घरातला पुरुष किंवा गवंडी असतो. पाणी आणणारी निवडायला गेली, तर ती योग्य भांडं निवडेल.

दुसरा प्रश्न जातीचा आहे, आणि तो कोकणातल्याच एका माणसाने आयुष्यभर अंगावर घेतला. अप्पासाहेब पटवर्धन 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम मागितलं. जातीने ठरवून दिलेलं काम दुसऱ्याला देता येणार नाही, म्हणून तुरुंगाने नकार दिला. त्याविरुद्ध त्यांनी अन्नत्याग सुरू केला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी 3 डिसेंबर 1932 रोजी येरवड्यात गांधीजींनीही उपोषण आरंभलं. पुढे 1948 साली कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला. मैल्यावर माती, पालापाचोळा टाकून त्याचं खत व्हावं आणि ते खत घरच्या माणसाने स्वतःच्या हातांनी काढावं, अशी संडासाची रचना तिथे घडली. ती गोपुरी संडास म्हणून ओळखली गेली. अप्पांचा आग्रह साधा होता: दुसऱ्याने उपसावा असा मैला निर्माणच होऊ देऊ नये. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. कोकणाने त्यांच्या नावाचा गौरव केला, पण त्यांचा संडास बाजूला ठेवला.

आज सरकार ज्याची शिफारस करतं ते दोन खड्ड्यांचं शौचालय याच विचाराचं पुढचं रूप आहे. सुमारे मीटरभर व्यासाचे दोन उथळ खड्डे, भिंतींना जाळीसारखी भोकं, तळ मोकळा. एका वेळी एकच खड्डा चालू. पाणी आणि वायू मातीत जिरतात, उरतो तो थोडा मैला. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा तीनेक वर्षं पुरतो. भरला की चेंबरमधलं तोंड विटेने बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यात दीड-दोन वर्षांत मैल्याची बिनवासाची काळी माती होते. ती माडाच्या आळ्यात घालायची. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत असा खड्डा स्वतः उतरून रिकामा केला. एका सचिवाने ते खत मुठीत धरणं हे हजार भित्तीपत्रकांपेक्षा मोलाचं होतं.

तरीही गावोगाव लोक बांधतात ती मोठी टाकी. जितकी मोठी तितकी बरी, म्हणजे आपल्या हयातीत भरायला नको. गवंडीही तेच सुचवतो, कारण सिमेंट जास्त लागतं आणि त्याला ते येतं. मग टाकीतून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात न जाता गटारात आणि गटारातून खाडीत जातं. म्हणजे माणूस पुळणीवरून उठून घरात आला, पण मैला खाडीतच गेला. टाकी भरली की अरुंद पाखाडीत मैलागाडी शिरत नाही. मग कुणीतरी माणूस उतरवला जातो आणि टाकीतल्या विषारी वायूने जीव जातात. 2013 च्या कायद्याने ही प्रथा गुन्हा ठरवली आहे. अशा मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला. टाकीचा आकार ठरतो त्याच दिवशी पुढच्या मृत्यूची शक्यताही ठरत असते.

वाळूतला खड्डा

आता विहिरीकडे येऊ. घाटावरचा नकाशा जसाच्या तसा किनाऱ्यावर आणला की घोटाळा होतो. इथे पावसाळ्यात भूजल जवळजवळ अंगणापर्यंत चढतं. उन्हाळ्यात कोरडा दिसलेला खड्डा आषाढात पाण्याने भरतो, भांड्यातून पाणी उलट येतं आणि घरातली माणसं चार महिने पुन्हा पुळणीवर. लोक याला ‘संडास फसला’ म्हणतात, आणि ते बरोबरच असतं. वाळूत दुसरी अडचण: मोठ्या कणांच्या वाळूतून जंतू लांबवर जातात. जांभ्याच्या फटींतूनही जातात. आणि कोकणात विहीर दारात असते. समुद्राकाठी गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. तो पातळ असतो, आणि खड्ड्याचा निचरा नेमका त्याच थरात उतरतो.

यावर उपाय माहीत आहेत. पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पातळीपासून खड्ड्याचा तळ दोन मीटर उंच राहत असेल तर बारीक मातीत विहिरीपासून तीन मीटर अंतर चालतं; तेवढी उंची नसेल तर किमान दहा मीटर. भरड वाळू असेल तर खड्ड्याचा तळ बंद करायचा आणि भोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर भरायचा. पाणी फारच वर असेल तर खड्डा जमिनीवर चढवून भोवती मातीचा भराव घालायचा आणि शौचालयाला चार पायऱ्या द्यायच्या. लक्षद्वीपच्या प्रवाळी बेटांवर याच कारणाने बंद जैव-पाचक टाक्यांचा मार्ग धरला गेला. या सगळ्यात अवघड काहीच नाही. पण भराव, वाळू आणि पायऱ्यांचा खर्च 12 हजारांत बसत नाही, आणि हे काम जाणणारा गवंडी गावात मिळत नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात गवंड्यांना हे शिकवणं आणि अनुदानात या खर्चाची वेगळी ओळ घालणं, एवढं केलं तरी कितीतरी ‘फसलेले’ संडास पुन्हा चालू होतील.

सवय कशी लागते

बांगलादेशातल्या मतलब भागात कॉलऱ्यावर काम करणाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्लवकांना चिकटून राहतो. जुनी सुती साडी चार पदरी दुमडून घागरीच्या तोंडावर बांधली की ते प्लवक अडकतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तसं करणाऱ्या गावांत कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. नवं काही विकत आणायचं नव्हतं. साडी घरात होती, गाळण्याची रीतही होती. नवी सवय जुन्या सवयीच्या खांद्यावर बसली.

आपल्या वाड्यांवरही असे खांदे आहेत. हात धुण्याचंच घ्या. साबणाने हात धुण्याने जुलाबाचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतं, असं अनेक अभ्यास सांगतात. पण साबण न्हाणीत, संडास परसात आणि चूल तिसरीकडे असेल तर हात धुतले जात नाहीत. कोळीण मासे साफ केल्यावर हात घासून धुतेच. तोच साबण दोरीला बांधून संडासाच्या दाराशी लटकला, शेजारी तांब्याभर पाणी राहिलं, तर उपदेशाची गरज उरत नाही. तान्ह्या मुलाची शी ‘देवाची’ म्हणून अंगणात किंवा उकिरड्यावर टाकली जाते, पण तिच्यात मोठ्या माणसाच्या मैल्याइतकेच, कधी जास्त, जंतू असतात. ती शौचालयात ओतायची, एवढंच आजीला पटवायचं आहे. घरात तिचाच शब्द चालतो.

जिथे जागाच नाही तिथे सामूहिक शौचालय लागेल, आणि त्याचा खरा प्रश्न बांधण्याचा नसून राखण्याचा आहे. पुण्यात 1999 मध्ये आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात महापालिकेने स्पार्क, महिला मिलन यांसारख्या संस्थांना बरोबर घेऊन वस्त्यांत शौचालयं उभारली. तिथे राखणदाराला राहायला खोली होती, कुटुंबाला मासिक पास होता, आणि लहान मुलांसाठी त्यांच्या मापाची वेगळी जागा होती. आराखड्यात वस्तीतल्या बायकांचा हात होता. कोळीवाड्यात सहकारी मच्छीमार सोसायटी आधीच आहे. ती डिझेलचा, बर्फाचा हिशेब चोख ठेवते. बंदरावरच्या शौचालयाची किल्ली आणि वही तिच्याकडे, तिच्यातल्या बायकांच्या समितीकडे द्यायला काय हरकत आहे? बोटमालकाने खलाशांच्या संख्येप्रमाणे वर्गणी भरावी. बोटीला डिझेल लागतं, तसं खलाशाला शौचालय लागतं.

हे सगळं कधी करायचं, याचं वेळापत्रक मच्छीमारांच्या वर्षात तयार आहे. पावसाळी बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात, पुरुष घरी असतात. त्याच दिवसांत प्रत्येक विहिरीचं पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते काठीने मोजून भिंतीवर रेघ मारावी, आणि कोणाचं शौचालय तुंबतं त्याची यादी करावी. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ती यादी मांडावी, तिच्यात भाडेकरू, खलाशी आणि सातबारा नसलेलं प्रत्येक घर असावं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हार-तुऱ्यांऐवजी पैशांची तरतूद व्हावी. चैत्रात, भूजल खाली गेल्यावर, पावसाळ्यातल्या रेघेप्रमाणे खड्डे खणावेत. आणि पहिला भरलेला खड्डा उघडायची वेळ येईल तेव्हा खोरं सरपंचाने, ग्रामसेवकाने, शाळेच्या गुरुजींनी आधी हातात घ्यावं. वाडीवर कुणाला शिट्टी वाजवत यावं लागणार नाही. लोक हिशेबी आहेत. हिशेब जमला की ते स्वतःच दार लावून आत जातील, आणि आपल्या मुलीलाही उजेडात, तिच्या वेळेला जाऊ देतील.